सोमवारचे जू

तेरच्या पेठेत महांतप्पांच्या आडतीवर गुरुलिंग नावाचा एक गाडीवान होता. त्याच्या नावावर शेत नव्हते आणि दारात दुभतेही नव्हते. तरी परमेश्वराने त्याला दोन गोष्टींची श्रीमंती दिली होती. एक, गळ्यातल्या शिवदोऱ्याला बांधलेले इष्टलिंग. आणि दुसरी, मालकाच्या गोठ्यातले दोन बैल. पांढऱ्याचे नाव बसप्पा, तांबड्याचे लाख्या. बैल मालकाच्या पैशाचे होते खरे, पण ते मान वळवीत ती गुरुलिंगाच्या खोकल्याकडे. त्याचा खोकला गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की दोघेही दावणीला उभे राहत.

सोमवार हा शिवाचा वार आणि नंदी हे शिवाचे वाहन. म्हणून त्या दिवशी नंदीच्या मानेवर जू ठेवायचे नाही, हा गुरुलिंगाच्या घराण्याचा नेम होता. महांतप्पांच्या घराण्याचाही तोच होता. आडत सुरू केली त्या दिवशी महांतप्पांच्या वडिलांनी गोठ्याच्या दारात उभे राहून तो सांगितला होता आणि कोणी तो मोडला नव्हता. सोमवारी गुरुलिंग पहाटे उठे, बैलांना तेरणेवर नेई, खांदे चोळी, वशिंडाला कोमट तेल लावी आणि कपाळावर विभूतीची तीन बोटे ओढी. आठवड्याचे सहा दिवस बैल गुरुलिंगाची चाकरी करीत आणि सातव्या दिवशी गुरुलिंग बैलांची चाकरी करी. कोणाची चाकरी कोणाला गोड वाटत होती, हे त्या तिघांनाही सांगता आले नसते.

त्याचे साल पाडवा ते पाडवा. दरमहा काही पायल्या ज्वारी मिळे, आणि साल भरले की पाडव्याला सहा पोती ज्वारी, निजामाच्या हाली नाण्यातले साठ रुपये आणि एक घोंगडे. त्या सहा पोत्यांवर घर आषाढ-श्रावणापर्यंत तरून जाई. हे सगळे देऊन झाले की महांतप्पा गादीवरून हात पुढे करीत. तळहातावर पानाचा विडा असे. गुरुलिंगाने तो उचलला की पुढचे साल पक्के. कागद नव्हता, अंगठा नव्हता. एका माणसाने हात पुढे करावा आणि दुसऱ्याने विश्वासाने तो विडा घ्यावा, एवढ्यावर एका घराच्या चुलीचे वर्ष उभे राहत होते. असे एकोणीस विडे गुरुलिंगाने उचलले होते.

फसली तेराशे बावन्नच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे बेचाळीस-त्रेचाळीसच्या सुमाराला दूर कुठे महायुद्ध पेटले होते आणि त्या युद्धाला दोर लागत होते. तेरणेच्या डोहात भिजवलेल्या, काठावर धोपटून सोललेल्या अंबाडीच्या वाखाला एकाएकी सोन्याचे दिवस आले. आडतीच्या अंगणात वाखाचे गठ्ठे बांधले जात आणि स्टेशनावर छोट्या रेल्वेच्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, चढत. महांतप्पांनी दुसरी बैलगाडी केली आणि तिच्यावर बिरदेव नावाचा धनगराचा तरणा माणूस ठेवला. बिरदेव बोलायला तिखट आणि मनाने मऊ होता. गुरुलिंगाला तो आण्णा म्हणे आणि गुरुलिंगाची बायको शिवगंगा हिला वहिनी. वहिनीच्या हातची अंबाडीची भाजी खाल्ल्याशिवाय त्याचा मंगळवार जात नसे.

मग युद्ध थांबले. त्यात वाईट काय होते? मरणाऱ्या माणसांचे मरण थांबले, याचा आनंद कोणाला होणार नाही? पण युद्धाबरोबर दोरांची मागणी थांबली आणि तेरच्या पेठेचा प्राण कंठाशी आला. वाखाचा भाव निम्म्यावर उतरला, मग निम्म्याच्याही खाली. आडतीत गठ्ठ्यांची थप्पी आढ्याला टेकली. महांतप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांच्या स्वतःच्या घरी चहातली साखर जाऊन गूळ आला आणि मग चहाच गेला. दळणाला येणारी बाई बंद होऊन मालकीणबाई जात्यावर बसल्या. पण बुडणारा माणूस आधी हातातले ओझे सोडतो, तसे त्यांनी दिवाळीला दुसरी बैलजोडी विकली आणि बिरदेवाला हिशेब देऊन घरी पाठवले. ती गाडी परसात पडून राहिली.

बिरदेव रडला नाही. संध्याकाळी गुरुलिंगाच्या ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "आण्णा, तुमचं बरं हाय. बैलांमुळं तुमाला ठिवलं. मला दोन शिंगं असती तर मालकानं मलाबी ठिवलं असतं." शिवगंगा हसली आणि तिने त्याच्यापुढे भाकरी ठेवली. त्यानंतर तो कोणाची मेंढरे कातरी, कोणाची लाकडे फोडी. मिळेल त्या दिवशी जेवी आणि न मिळेल त्या दिवशी थट्टा करी.

गुरुलिंगाच्या घरातही तो काळ उंबरा ओलांडून आत आला होता. महिन्याची ज्वारी दोन पायल्यांनी कमी झाली. थोरली लेक प्रेमाबाई पहिलटकरीण, वैशाखात बाळंतपणाला माहेरी येणार होती. धाकटी दोन मुले वाढीच्या वयाची. शिवगंगेने दिव्याची वात बारीक केली, भाकरी पातळ केली, भाजीत पाणी वाढवले; घरातला आवाज मात्र होता तसाच ठेवला. तिचे सारे घर एकाच आशेवर चालले होते. पाडवा यावा, सहा पोती यावीत, आणि नवऱ्याने विसावा विडा उचलावा.

पौषात एके दिवशी महांतप्पांनी गुरुलिंगाला गादीजवळ बोलावले. माल कमी झाल्यामुळे आता आठवड्यातून एकच वाघीण मिळणार होती, आणि ती सोमवारी दुपारी. गुरुलिंग म्हणाला की रविवारीच गठ्ठे नेऊन ठेवू. पण वाख आग धरतो, म्हणून तो स्टेशनावर रात्रभर उघड्यावर ठेवायला मनाई होती, आणि छपराखाली ठेवावा तर त्याचे भाडे मालाच्या नफ्याहून जास्त. महांतप्पांनी हे सगळे आधीच विचारून ठेवले होते. पायाच्या अंगठ्याकडे पाहत ते म्हणाले, "गुरुलिंगा, आपली दशा शिवाला दिसत न्हाय का? त्यो रागावायचा न्हाय. ह्या सोमवारी गाडी जुंप. तुझ्यानं व्हत नसंल तर बिरदेव जुंपील, त्याच्या देवाचा वार रविवार हाय. पाडव्याला मला एकच विडा देता येईल."

ते हे रागाने बोलले नाहीत. गुरुलिंग गोठ्यात गेला. बसप्पाने त्याच्या काखेत तोंड खुपसले. एकीकडे लेकीचे बाळंतपण, एकीकडे वडिलांचा नेम; एकीकडे सहा पोती, एकीकडे ही दोन मुकी तोंडे. घरी येऊन त्याने शिवगंगेला सगळे सांगितले आणि भिंतीला पाठ टेकून बसला.

शिवगंगा ज्वारी पाखडत होती. सुपातला एक खडा उचलून तिने बाजूला टाकला आणि अगदी सहज बोलली, "बैलाच्या मानंवर जू ठिवायचं न्हाय, एवढाच नेम हाय न्हवं? माणसाच्या मानंचं कुणी काय सांगितलंय?"

ती थट्टेत म्हणाली की मनापासून, हे तिचे तिलाही कळले नसेल. पण गुरुलिंग सावरून बसला. त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, जणू साक्षात महादेवाने कोनाड्यातून वाट दाखवली.

पहिला सोमवार उजाडला. गुरुलिंगाने आधी बैलांना अंघोळ घातली, तेल लावले, विभूती लावली, पुढ्यात कडबा टाकला. मग आडतीतली आपली रोजचीच हलकी गाडी बाहेर काढली आणि सहा गठ्ठे चढवले. दोर छातीवरून घ्यावा तर इष्टलिंगाला रगड लागेल, म्हणून त्याने तो खांद्यावरून कमरेला वेढला, जुवाखाली आपला खांदा दिला आणि शिवनाम घेऊन पाऊल टाकले. मागून शिवगंगेने पदर खोचून गाडीला हात लावले. चाक हलले. गोठ्यातून दोन बैल माना उंचावून पाहत होते. आपला माणूस आपल्याशिवाय कुठे निघाला, एवढाच प्रश्न त्या डोळ्यांत होता.

पेठेने असे दृश्य पाहिले नव्हते. चहाच्या दुकानावरून कोणी ओरडले, "गुरुलिंगप्पा, चाबूक कुणाच्या हातात हाय?"

गाडीमागून शिवगंगेचा आवाज आला, "माझ्या. तुमाला जुंपायचंय का? दुसरी बाजू मोकळीच हाय." दुकान हसले, आणि हसता हसता गप्प झाले, कारण नवऱ्याच्या पिंढऱ्या थरथरत होत्या आणि बायकोच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता.

ओढ्यापलीकडच्या चढावर गाडी अडली. पुढे सरेना, मागे सरकू पाहू लागली. गुरुलिंगाने डोळे मिटले. तेवढ्यात मागचे ओझे अचानक हलके झाले. बिरदेवाने शिवगंगेला बाजूला केले होते आणि गाडीला खांदा लावला होता. चढ संपला तेव्हा गुरुलिंगाने त्याला विचारले की मालकाने तुला सांगितले नाही काय.

"सांगितलं की," बिरदेव धापा टाकत म्हणाला. "काल घरी येऊन इचारलं, सोमवारी गाडी जुंपशील का. म्या म्हनलं, मालक, दर सोमवारी माझं पोट दुखतं."

ज्या माणसाच्या घरी दिवाळीपासून चूल नेमाने पेटली नव्हती, त्याने मिळत असलेली नोकरी एका खोट्या पोटदुखीवर सोडून दिली होती. ना त्याच्या गळ्यात लिंग, ना कपाळी विभूती. पण त्या चढावर शिवाची भक्ती कोणत्या खांद्यावर बसली होती, हे शिवाला बरोबर दिसले असेल.

दुपारच्या आत गठ्ठे वाघिणीत चढले. पुढचा सोमवारही तसाच गेला आणि त्यापुढचाही. गुरुलिंगाच्या खांद्याला घट्टा पडला. शिवगंगा त्यावर बैलांचेच तेल चोळू लागली. माल कधी चुकला नाही, बैलांचा विसावा कधी चुकला नाही. गुरुलिंगाला वाटले, नेमही राहिला आणि नोकरीही राहिली. त्या घरात भाकरी पातळच होती, पण माणसे पोटभर हसू लागली होती.

फाल्गुनात महांतप्पा स्वतः गोठ्यात आले. असे ते सहसा येत नसत. त्यांनी गुरुलिंगाच्या पाठीवर हात ठेवला, त्याच्या कष्टाची तोंडभर स्तुती केली आणि मनातले सांगितले. आठवड्याला सहा गठ्ठ्यांपलीकडे माल जात नाही. तेवढा माल माणूस ओढतो, हे दोन महिने ते डोळ्यांनी पाहत होते. मग इतर सहा दिवस दोन बैल दावणीला उभे करून महागाचा कडबा का घालायचा? त्यांनी हेड्याला, म्हणजे गुरांच्या दलालाला, निरोप धाडला होता. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तो बैल घेऊन जाणार होता.

"तू घोर करू नगंस," महांतप्पा म्हणाले. "तुझा विडा पक्का हाय. तुझ्यामुळंच मला ही वाट दिसली."

त्यांनी हे आशीर्वाद द्यावा तसे म्हटले आणि ते निघून गेले. गुरुलिंग दावणीपाशी उभा राहिला. उतारवयाचे बैल हेडी कोणाच्या शेतावर नेत नाही, हे पेठेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ज्यांना एक दिवसाचा विसावा मिळावा म्हणून त्याने आपली मान दिली होती, त्यांचा सातही दिवसांचा आसरा त्याच मानेने हिरावून घेतला होता. नेम पाळता पाळता त्याने जगाला दाखवून दिले होते, की नंदीवाचूनही भागते.

त्या दिवशी तो जेवला नाही. शिवगंगेने आग्रह केला नाही. ती ताटापाशी नुसती बसून राहिली, कारण सुपाशी बसून तीच ते बोलली होती. प्रेमाबाईच्या सासरहून निरोप आला होता की वैशाखाच्या आरंभी तिला धाडतो. म्हणजे सहा पोत्यांची गरज कधी नव्हे इतकी होती. तिसऱ्या दिवशी गुरुलिंग अडखळत म्हणाला की सालाचा मेहनताना सोडला तर बैल मागता येतील. पण बैल पोसायचे तर रोज भाड्याने गाडी हाकावी लागेल, मग विडाही उरणार नाही, आणि घरात दाणाही नाही.

शिवगंगेने हातातले सूप खाली ठेवले. मग ती म्हणाली, "सहा पोती आपण श्रावणापतुर खाऊन टाकू. मालकाला आज बैल जड झाले. पुढल्या पाडव्याला आपण जड होऊ. आपण ज्यांना जड व्हणार न्हाय, असे ह्या दुनियेत ते दोघंच हाईत. घिऊन या त्यास्नी."

पाडव्याच्या सकाळी पेठेत गुढ्या उभ्या राहिल्या. गुरुलिंग धुतलेले धोतर नेसून आडतीवर गेला. बिरदेवाला त्याने बरोबर चल म्हटले होते. का, ते सांगितले नव्हते. तो दारातच थांबला. महांतप्पांनी पोती मोजून काढून ठेवली होती, रुपयांची चवड लावली होती, वर घोंगडे ठेवले होते. त्यांनी हात पुढे केला. तळहातावर विडा होता.

गुरुलिंगाने दोन्ही हात जोडले, पण विडा उचलला नाही.

"मालक, पोती कोठारातच ऱ्हाऊ द्या. रुपयेबी ऱ्हाऊ द्या. बसप्पा आन् लाख्या मला द्या. हेडी जे देणार त्याच्यापरीस हे थोडं जास्तच हाय, म्या इचारून आलोय."

महांतप्पांचा हात तसाच पुढे राहिला. एकोणीस वर्षांत त्या हातावरचा विडा कोणी नाकारला नव्हता. त्यांनी विचारले, "खाशील काय?"

"भाड्यानं गाडी चालवीन."

"भाडं कुणाचं? पेठ मरून पडलीया."

"भाडं न्हाय मिळालं तर आमी सगळी उपास धरू. शिवरात्रीची सवय हाय." गुरुलिंग जरा थांबला. "नोकरी पक्की हाय म्हनून सांगितलं तुमी, त्ये मी इसरणार न्हाय. पर ज्यांच्या जिवावर ती पक्की झाली, त्यास्नी हेड्याच्या हाती दिऊन माझ्या गळ्याखाली घास उतरायचा न्हाय."

महांतप्पा खाली पाहू लागले. गळ्यात त्यांच्याही लिंग होते. वडील गोठ्याच्या दारात उभे राहून काय बोलले होते, ते त्या क्षणी त्यांना आठवले की नाही, ते कोणी सांगावे? पण त्यांचा आवाज बदलला. परसात पडलेली ती गाडी घेऊन जा, असे ते म्हणाले. तिथे राहिली तर वाळवीच खाईल. आणि घोंगडे तर सालाचेच आहे, ते तू सोडलेले नाहीस, असे म्हणून त्यांनी ते त्याच्या खांद्यावर, बरोबर त्या घट्ट्यावर, टाकले.

विडा अजून तळहातावर होता. गुरुलिंगाने मागे वळून दाराकडे पाहिले. महांतप्पांनीही पाहिले. मग त्यांनी हात थोडा वळवला.

बिरदेव पुढे आला. त्याचे डोळे भरले होते आणि तोंड मात्र सवयीप्रमाणे चालले, "मालक, मला शिंगं न्हाईत, बघून घ्या."

कित्येक महिन्यांनी महांतप्पा हसले. बिरदेवाने विडा उचलला.

त्यानंतरचे दिवस सोपे गेले, असे म्हणता येणार नाही. गुरुलिंगाने कधी कुंभाराची मडकी ढोकीच्या बाजाराला नेली, कधी वाळू वाहिली, कधी कोणाची वरात. काही दिवस गाडी रिकामी उभी राही आणि घरात भाकरीऐवजी कण्या शिजत. बैलांसाठी शिवगंगा बांधाबांधावरून गवत कापून आणी. वैशाखात प्रेमाबाईला मुलगा झाला. त्याला त्याच घोंगड्यात गुंडाळून शिवगंगेने गोठ्यात नेले आणि बसप्पाला दाखवले. घोंगडे बोचत होते, मूल रडत होते, आणि बैल शांतपणे त्याचा वास घेत होता.

सोमवारी मात्र कोणी कितीही भाडे देऊ केले तरी गुरुलिंगाची गाडी निघत नसे. बैलांना अंघोळ, तेल, विभूती. आणि मग तो तडक आडतीकडे निघे. कारण आता सोमवारी तिथली गाडी बिरदेव ओढी आणि ओढ्यापलीकडचा चढ एकट्याने चढवत नसे.

"आण्णा," चढाच्या पायथ्याशी बिरदेव मागे न बघता विचारी, "नोकरी सोडली न्हवं तुमी?"

"सोडली की," गुरुलिंग म्हणे, आणि इष्टलिंग जरा बाजूला सारून गाडीला खांदा देई. "आज सोमवार हाय."